थ्रेड वाट बघत बसलाय, म्हणून सगळंच नव्याने लिहायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमची पाच जणांची टीम आहे, मी लीड. तीन वर्षं एक सर्व्हिस सांभाळतोय: जावा १७, स्प्रिंग एमव्हीसी (वेब रिक्वेस्ट हाताळणारं फ्रेमवर्क), जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारा थर) आणि एक रिलेशनल डेटाबेस. गर्दीच्या वेळी सेकंदाला साधारण १५० रिक्वेस्ट येतात. प्रत्येक रिक्वेस्टमागे डेटाबेसला तीन क्वेरी जातात, एकेक २० मिलिसेकंदांची. शिवाय बाहेरच्या दोन सर्व्हिसना एकामागून एक कॉल जातात. सगळं मिळून ४०० मिलिसेकंद लागतात. थ्रेड पूल (एका वेळी एकेक रिक्वेस्ट हाताळणाऱ्या थ्रेडचा ठरावीक साठा) आणि कनेक्शन पूल (डेटाबेसच्या उघड्या कनेक्शनचा साठा) मुळात जसे मिळाले तसेच आहेत. गेल्या महिन्यात दोनदा बाहेरची ओळख-पडताळणीची सर्व्हिस संथ झाली. तिचं उत्तर यायला तीन-तीन सेकंद लागू लागले आणि आमची अख्खी सर्व्हिस ठप्प झाली. ज्या रिक्वेस्टचा पडताळणीशी काही संबंध नाही, त्याही अडकल्या. टीममधल्या एका हुशार सहकारीचं म्हणणं आहे की सगळं वेबफ्लक्सवर, म्हणजे वाट बघताना थ्रेड न अडवणाऱ्या स्प्रिंगच्या रिॲक्टिव्ह पद्धतीवर, न्यायला हवं. तिने डेमो केला: अर्ध्या सेकंदाचा कृत्रिम उशीर ठेवला, तर जुनी पद्धत सेकंदाला ४०० रिक्वेस्टवर अडकते आणि नवी सहज १६०० वर जाते. बाकी तिघांनी रिॲक्टिव्ह कोड कधी लिहिलेला नाही. सहा महिन्यांनी हजारो ग्राहकांना लाइव्ह स्थिती दाखवायचं फीचरही यायचं आहे. निर्णय दोन आठवड्यांत द्यायचाय. मी या बदलाला नुसता घाबरतोय, की तो खरंच चुकीचा आहे, हेच मला कळेनासं झालंय.

---

तुम्ही आकडे दिलेत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. अशा पत्रांत बहुतेक वेळा नुसतं ‘सर्व्हिस स्लो आहे’ एवढंच असतं. तुमच्या आकड्यांमुळे आपल्याला अंदाजाच्या पुढे जाता येईल. तुम्ही घाबरलात का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी सर्व्हिस का थांबली ते पाहू, कारण ते कळलं की त्या प्रश्नाचं ओझं बरंच उतरेल असं मला वाटतं.

डेमोपासून सुरुवात करते. तुमच्या सहकारीने तो प्रामाणिकपणे केलाय आणि आकडे खरेच आहेत. पण जुनी पद्धत नेमकी ४०० वरच का अडली? टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. प्रत्येक रिक्वेस्ट अर्धा सेकंद थांबणार असेल, तर एक थ्रेड सेकंदाला दोन रिक्वेस्ट पूर्ण करतो. दोनशे गुणिले दोन, चारशे. डेमोने मोजली ती ही २०० ची मर्यादा. तो आकडा कॉन्फिगरेशनमध्ये ८०० केला, तर जुनी पद्धतही १६०० च्या आसपास जाईल. आणि ८०० थ्रेड हे काही भयंकर ओझं नाही. ६४-बिट लिनक्सवर जावाच्या प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा १ एमबी पत्ता-जागा राखली जाते, पण प्रत्यक्ष मेमरी त्याहून बरीच कमी लागते. शिवाय त्या डेमोत डेटाबेस नाही, आणि तुमच्या खऱ्या सर्व्हिसचं अर्धं दुखणं तिथेच असावं असा मला संशय आहे.

आता खरी सर्व्हिस. एका वेळी किती रिक्वेस्ट आत असतात, हे काढायला एक साधा गुणाकार पुरतो. रांगांच्या अभ्यासात तो लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो आणि जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले प्रत्येकीला लागणारे सेकंद. तुमच्याकडे १५० गुणिले ०.४, म्हणजे ६०. दोनशे थ्रेडमध्ये साठ रिक्वेस्ट सहज मावतात. म्हणून एरवी तुम्हाला काही त्रास होत नाही.

पडताळणीला तीन सेकंद लागू लागले की एका रिक्वेस्टचा वेळ सव्वातीन सेकंदांच्या आसपास जातो. १५० गुणिले सव्वातीन म्हणजे जवळजवळ ४९०. थ्रेड आहेत दोनशे. दीडेक सेकंदात सगळे थ्रेड त्या एका सर्व्हिसच्या दारात उभे. मागून आलेली रिक्वेस्ट कुठल्याही कामाची असो, तिला हात लावायला कोणी मोकळं नाही. संबंध नसलेल्या रिक्वेस्टही का अडकल्या, याचं उत्तर हे आहे.

पण मला याहून जास्त काळजी वाटते ती डेटाबेसच्या कनेक्शनची. स्प्रिंग बूटबरोबर येणाऱ्या हिकारीसीपी या कनेक्शन पूलमध्ये मुळात १० कनेक्शन असतात. तीन क्वेरी, साठ मिलिसेकंद, सेकंदाला १५० रिक्वेस्ट, म्हणजे सरासरी नऊ कनेक्शन सतत कामात. दहापैकी नऊ! तुमची सर्व्हिस चांगल्या दिवशीसुद्धा काठावर चालली आहे. त्यात बाहेरचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसच्या एकत्रच पूर्ण होणाऱ्या कामांच्या गठ्ठ्याच्या) आत होत असेल, तर तीन सेकंदांच्या त्या वाट बघण्यात कनेक्शनही धरून ठेवलं जातं. दहा कनेक्शन, प्रत्येक तीन सेकंद अडकलेलं: सेकंदाला तीनेक रिक्वेस्ट. बाकी १४७ रांगेत. आणि ट्रान्झॅक्शन नसलं तरी सुटका होतेच असं नाही. जेपीए वापरणाऱ्या स्प्रिंग बूट सर्व्हिसमध्ये ओपन-इन-व्ह्यू ही सेटिंग मुळातच चालू असते आणि तिच्यामुळे पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन रिक्वेस्ट संपेपर्यंत अडकून राहू शकतं. सर्व्हिस सुरू होताना लॉगमध्ये तिच्याबद्दल एक वॉर्निंग येते. तीन वर्षं ती ओळ डोळ्यांखालून गेली असेल, तर तसं होणारे तुम्ही एकटे नक्कीच नाही.

हे एवढं लांबवून सांगायचं कारण असं की यातली कनेक्शनची अडचण वेबफ्लक्सने सुटत नाही. जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायची नेहमीची सोय, हा ब्लॉक करणारा रस्ता आहे: उत्तर येईपर्यंत थ्रेड अडून राहतो. रिॲक्टिव्ह सर्व्हिसमधून तो वापरायचा तर त्याला वेगळ्या थ्रेड पूलवर ढकलावं लागतं, म्हणजे फिरून पूलच आला. नाहीतर आरटूडीबीसी या तिच्या रिॲक्टिव्ह पर्यायाकडे जायचं, पण तिथे तुमचं जेपीए, लेझी लोडिंग, तीन वर्षांत लिहिलेल्या एंटिटी हे काही तसंच्या तसं चालत नाही. डेटाबेसचा अख्खा थर नव्याने लिहावा लागेल. आणि तो लिहून झाल्यावरही कनेक्शन दहाच असतील.

थ्रेडची अडचण मात्र वेबफ्लक्सने खरंच हलकी होते, आणि हे तुमच्या सहकारीला मोकळेपणाने सांगा. वाट बघणाऱ्या ४९० रिक्वेस्ट तिथे थ्रेड अडवत नाहीत, म्हणून बाकीच्या रिक्वेस्ट चालू राहतात. ही जमेची बाजू छोटी नाही. फक्त ती मिळवायला आज एवढी किंमत मोजायला हवी का, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

रिॲक्टिव्ह पद्धत आली तेव्हा तिच्यामागे खरी गरज होती. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका मशीनवर एकाच वेळी दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे, हा प्रश्न मांडला आणि तो ‘सी-टेन-के’ नावाने पुढे गाजला. प्रत्येक क्लायंटमागे ऑपरेटिंग सिस्टिमचा एक थ्रेड हे गणित तिथे महाग पडत होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेली आरएक्सची (घटनांचा प्रवाह साखळीने हाताळायची) कल्पना नेटफ्लिक्सने आरएक्सजावाच्या रूपात २०१३ मध्ये जावात आणली. त्याच वर्षी रिॲक्टिव्ह मॅनिफेस्टो आला, २०१५ मध्ये रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचं स्पेसिफिकेशन पक्कं झालं, आणि २०१७ मध्ये जावा ९ व स्प्रिंग ५ दोन्हींनी त्याला जागा दिली. त्या काळात जावामध्ये हजारो रिक्वेस्टना स्वस्तात थांबवून ठेवायचं तर दुसरा सोयीचा मार्ग जवळपास नव्हता. म्हणून लोकांनी कॉलबॅक, मोनो, फ्लक्स (नंतर येणाऱ्या एका किंवा अनेक उत्तरांसाठीचे रिॲक्टिव्ह प्रकार) हे सगळं स्वीकारलं आणि कोड वाचायला अवघड होतो ही किंमतही मान्य केली.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ आलं आणि व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. यात थ्रेड ऑपरेटिंग सिस्टिमचा नसतो, जावाचा स्वतःचा असतो. तो वाट बघायला लागला की खालचा खरा थ्रेड मोकळा होऊन दुसऱ्या कामाला लागतो. कोड मात्र तुम्ही आज लिहिता तसाच, वरून खाली वाचता येणारा. स्प्रिंग बूट ३.२ पासून ही सोय कॉन्फिगरेशनच्या एका ओळीने चालू होते. म्हणजे ‘वाट बघणं स्वस्त करा’ एवढीच गरज असेल, तर तिच्यासाठी संपूर्ण प्रोग्रॅमिंगची पद्धत बदलायची सक्ती आता राहिलेली नाही. तुमच्या पत्रात ‘जुनी पद्धत की रिॲक्टिव्ह’ असे दोनच रस्ते दिसतात. हा तिसरा रस्ता त्यात नाही, आणि तुमच्या टीमला तोच सगळ्यात जवळचा आहे, असं माझं मत आहे.

पण तोही डोळे झाकून घेऊ नका. थ्रेड पूल छोटा असतो तेव्हा तो न सांगता एक काम करत असतो: एका वेळी ठरावीकच रिक्वेस्ट आत घेतो. व्हर्च्युअल थ्रेड चालू केले की तो दरवाजा सताड उघडतो आणि सगळी गर्दी थेट दहा कनेक्शनवर जाऊन आदळते. म्हणून मर्यादा आता तुम्हालाच, उघडपणे घालावी लागते. पडताळणीच्या कॉलभोवती एक सेमाफोर (एका वेळी ठरावीकच जणांना आत सोडणारी मोजणी) ठेवा, समजा एका वेळी चाळीस. एक्केचाळिसाव्याला लगेच ‘आत्ता जमणार नाही’ असं सांगा. तीन सेकंद ताटकळत ठेवून नकार देण्यापेक्षा ते ग्राहकासाठीही बरं. आणखी एक: जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या कोडच्या) आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडलाही अडवून धरतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने ही अडचण जवळजवळ पूर्ण काढली. तुम्ही २१ वर जाणार असाल तर वापरत असलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या या दृष्टीने तपासून घ्या.

या सगळ्याच्याही आधी एक गोष्ट, जिला नवी जावा लागत नाही की नवं फ्रेमवर्क: टाइमआउट. एरवी पडताळणीचं उत्तर पाव सेकंदाच्या आत येत असणार. मग तीन सेकंद थांबायचं कशासाठी? आठशे मिलिसेकंदांचा टाइमआउट त्या दोन्ही दिवशी असता, तर रिक्वेस्टचा वेळ सव्वा सेकंदाच्या आत राहिला असता. १५० गुणिले १.२, म्हणजे १८०. दोनशे थ्रेडमध्ये जेमतेम, पण मावलं असतं. लागोपाठ टाइमआउट होऊ लागले की काही काळ कॉलच न करणारा सर्किट ब्रेकर लावलात, तर तेवढंही ओझं राहत नाही. बाहेरचे दोन्ही कॉल एकमेकांवर अवलंबून नसतील, तर ते एकाच वेळी सोडा. जावा ८ पासून कम्प्लिटेबलफ्यूचर आहे, त्याने हे होतं. समांतर कॉल म्हणजे रिॲक्टिव्ह, असा एक समज मला बऱ्याच टीममध्ये दिसतो. एका वेळी दोन कामं सुरू करायला रिॲक्टिव्ह लागत नाही.

आता मी स्वतः सोसलेली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या टीममधल्या त्या तिघांचा विचार करताना मला तीच आठवते. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने अशीच एक सर्व्हिस वेबफ्लक्सवर नेली. कोड नीट होता, टेस्ट पास होत होत्या. प्रॉडक्शनमध्ये गर्दी वाढली की मधूनच सगळं काही क्षण गोठायचं आणि पुन्हा चालू व्हायचं. सीपीयू रिकामा, मेमरी ठीक. स्टॅक ट्रेस (कोणता कोड कोणाला कॉल करत होता, त्याची यादी) उघडला तर त्यात आमच्या कोडची एकही ओळ नाही, नुसते रिॲक्टरच्या, म्हणजे वेबफ्लक्सखालच्या लायब्ररीच्या, आतले थर. लॉगमधला रिक्वेस्ट आयडी अर्ध्या वाटेत गायब, कारण तो थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे त्या एका थ्रेडपुरत्या जागेत, होता आणि काम या थ्रेडवरून त्या थ्रेडवर उड्या मारत होतं. तीन दिवसांनी थ्रेड कुठे अडतो ते पकडणारं ब्लॉकहाउंड नावाचं साधन लावलं तेव्हा कळलं: कोणीतरी ऑडिटची नोंद साध्या जेडीबीसीने, थेट इव्हेंट लूपवर, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट वाटून घेणाऱ्या मोजक्या थ्रेडवर, लिहिली होती. चार कोरच्या मशीनवर असे थ्रेड चारच. चारही त्या नोंदीपाशी थांबले की सगळी सर्व्हिस थांबायची. ती ओळ लिहिणाऱ्याची चूक मला आजही चूक वाटत नाही. त्याने आयुष्यभर जशी लिहिली तशीच ती ओळ लिहिली होती. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये अशी ओळ एका रिक्वेस्टला उशीर करते, तिथे तिने सगळ्यांना थांबवलं.

म्हणून वेबफ्लक्सचा खर्च मोजताना पुन्हा लिहायचे आठवडे मोजून थांबू नका. रात्री दोन वाजता अलर्ट आला आणि तुमची सहकारी रजेवर असली, तर उरलेल्या चौघांपैकी कोण तो स्टॅक ट्रेस वाचू शकेल? आज या प्रश्नाला एकही नाव सुचत नसेल, तर ती टीमची सध्याची खरी स्थिती आहे. तिच्याकडे बघून निर्णय घेणं म्हणजे भित्रेपणा नाही.

तरीही रिॲक्टिव्हला मी तुमच्या दारातून परत पाठवणार नाही, कारण तुमच्या पत्रात एक जागा अशी आहे जिथे ते शोभेल: सहा महिन्यांनी येणारं लाइव्ह स्थितीचं फीचर. हजारो ग्राहकांची कनेक्शनं तासन्‌तास उघडी, घटना सतत येत राहणार, त्या गाळायच्या, एकत्र करायच्या, कोणी स्क्रीन बंद केली की मागची सगळी साखळी रद्द करायची. हा प्रवाह आहे. एक रिक्वेस्ट, एक उत्तर असा मामलाच नाही. आणि इथे रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचा गाभा उपयोगी पडतो: घेणारा सांगतो ‘मला आणखी इतके दे’ आणि देणारा तेवढेच देतो. याला बॅकप्रेशर म्हणतात. संथ नेटवर्कवरच्या एका ग्राहकासाठी सर्व्हरवर घटनांचा ढीग साचून मेमरी संपू नये, याची ती व्यवस्था आहे. व्हर्च्युअल थ्रेड हे आपसूक देत नाहीत. ब्लॉकिंग रांगा वापरून ते हाताने बांधता येतं, पण ऑपरेटरांच्या साखळीत ते जितकं नेटकं बसतं तितकं हाताने क्वचितच जमतं. फक्त एक ध्यानात असू द्या: घटना तुमच्या विनंतीची वाट न बघता बाहेरून येतच राहत असतील, तर बॅकप्रेशर त्यांना थांबवू शकत नाही. जुन्या टाकायच्या, की फक्त शेवटची स्थिती ठेवायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. लाइव्ह स्थितीसाठी बहुतेक वेळा शेवटची पुरते.

ते फीचर वेगळी, छोटी सर्व्हिस म्हणून करा आणि ती वेबफ्लक्सवर लिहा. जेपीएची ओढाताण तिथे जवळपास नसेल, उरलेल्या तिघांना शिकायला आवाक्यातली जागा मिळेल, आणि चुकलं तरी मुख्य काम चालू राहील. ब्लॉकहाउंड पहिल्या दिवसापासून टेस्टमध्ये लावा.

तुमच्यासारख्या पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. तुमची भाषा जावा नसेल, तर हिशोब थोडा बदलतो. गोमध्ये गोरूटीनमुळे स्वस्तात वाट बघणं सुरुवातीपासूनच आहे. सी-शार्प, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये असिंक-अवेट आहे, कोटलिनमध्ये कोरूटीन आहेत. या सगळ्यांत कोड सरळ वाचता येतो आणि थ्रेडही अडत नाही. ‘असिंक्रोनस’ आणि ‘रिॲक्टिव्ह’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण पहिलं म्हणजे न अडता वाट बघणं आणि दुसरं म्हणजे येत राहणाऱ्या गोष्टींच्या प्रवाहाची रचना करणं. पहिल्याची गरज जवळपास प्रत्येक सर्व्हिसला असते. दुसऱ्याची तुमच्याकडे आहे का, हे आधी तपासा. आणि ज्यांची सर्व्हिस आधीच रिॲक्टिव्ह आहे, नीट चालली आहे, टीमला वाचता येते, त्यांनी व्हर्च्युअल थ्रेड आले म्हणून ती उलट फिरवायची मुळीच घाई करू नये.

राहता राहिले तुमचे दोन आठवडे. पहिला आठवडा खऱ्या सर्व्हिसच्या लोड टेस्टला द्या, खऱ्या डेटाबेससह. पडताळणीच्या जागी एक नकली सर्व्हिस ठेवा आणि तिला तीन सेकंदांचा उशीर लावून गेल्या महिन्यातला तो दिवस पुन्हा घडवा. आधी आहे तशी, मग टाइमआउट आणि ओपन-इन-व्ह्यू बंद करून, मग जावा २१ वर व्हर्च्युअल थ्रेड आणि सेमाफोर लावून. दुसऱ्या आठवड्यात एकच एंडपॉइंट वेबफ्लक्सवर लिहून त्याच टेस्टमधून काढा. काय मोजायचं आणि कोणत्या आकड्याला काय ठरवायचं, हे टेस्टच्या आधी लिहून ठेवा. सरासरी बघू नका, शंभरातल्या सगळ्यात संथ एका रिक्वेस्टला किती वेळ लागला ते बघा. आणि पडताळणी संथ असताना बाकीच्या रिक्वेस्ट चालू राहिल्या का, ते बघा.

ही टेस्ट तुमच्या सहकारीलाच आखू द्या. तिला शांत करण्यासाठी नाही. प्रश्न गंभीर आहे हे टीममध्ये सगळ्यात आधी तिने ओळखलं आणि स्वतःचा वेळ घालून डेमो केला. तिला ‘नको’ म्हणण्याची वेळ आली, तर ती तिच्याच आकड्यांवरून येईल. आकडे तिच्या बाजूने गेले, तर तुम्हीही मोकळ्या मनाने ‘हो’ म्हणाल, अशी माझी खात्री आहे. घाबरलेला माणूस स्वतःहून हा प्रश्न विचारत नाही.

टेस्ट सुरू करण्याआधी मात्र दोघं एका स्क्रीनसमोर बसा आणि पडताळणीचा कॉल करणारी ती मेथड उघडा. ट्रान्झॅक्शन तिच्यावर सुरू होतं की बाहेर, एवढं आधी बघा.